'साहेब' म्हणायला कमीपणा? आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

वर्दीतल्या अधिकाऱ्याने मंत्र्यांना 'सर' किंवा 'मॅडम' म्हणावं. 'साहेब', 'दादा', 'भाऊ' म्हणू नये आणि पाया पडू नये, एवढंच मी लिहिलं होतं. त्यावर आपण लिहिता, "लोकांनी निवडून दिलेल्याला साहेब म्हणायला कमीपणा वाटतो, हा इंग्रजांकडून आलेला माज आहे."

आधी माझी चूक. सरकारी मानक्रमाच्या तक्त्यात, म्हणजे समारंभात कुणाचा मान आधी हे ठरवणाऱ्या यादीत, खासदार २१व्या क्रमांकावर आहेत, मी २३ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार. पण हा क्रम फक्त समारंभांपुरता, रोजच्या कारभाराला लागू नाही, असं त्याच तक्त्याच्या टिपेत म्हटलंय. ते आपण वाचलेलं दिसत नाही.

आता 'माज'. मतभेद मला चालतात, हा शब्द चालत नाही.

माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत सुभेदार होते. मी कमिशन घेऊन, म्हणजे अधिकारी होऊन, पलटणीत गेलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. माझ्या हाताखालचे सुभेदार वडिलांच्याच वयाचे. रोज सकाळी ते मला कडक सॅल्यूट ठोकायचे आणि मी म्हणायचो, "राम राम, साहब." फौजेत अधिकारी साहेब म्हणतो तो जेसीओला (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, सुभेदार त्यातलेच), शिपाई म्हणून भरती होऊन वीस-पंचवीस वर्षं घासून वर आलेल्या माणसाला. तो शब्द आम्ही त्यांना देऊन टाकलाय. मंत्र्यांना आम्ही 'सर' म्हणतो, म्हणजे जे आमच्या जनरलला म्हणतो तेच. यात कमीपणा कुठे आला, ते आपणच सांगा.

आणि हा शब्द मी आधीही ऐकलाय. एका तालुक्याच्या गावी हुतात्मा स्मारकाचं उद्घाटन होतं. एका तरुण मेजरने मंत्र्यांना सॅल्यूट केला, "जय हिंद, सर" म्हणाला. मागून कुणी कार्यकर्ता त्याच्या कानाशी लागला, "पाया पडा, फोटो घ्यायचाय." मेजर सावधानमध्येच उभा राहिला. कार्यकर्ता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माज बघा!" पहिल्या रांगेत त्या हुतात्म्याची आई बसली होती. तिने मान खाली घातली. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो.

१ सप्टेंबर १९६५ला जम्मू-काश्मीरमधल्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. संरक्षणमंत्री आपले यशवंतराव चव्हाण. सेनाप्रमुखांनी हवाई मदत मागितली, यशवंतरावांनी परवानगी दिली आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. निर्णय मंत्र्याचा, अंमल फौजेचा. लोकप्रतिनिधींचा मान म्हणतात तो हा. तो आम्ही कधी नाकारला? मंत्र्यांचा हुकूम पाळणारा माणूस त्यांच्या पाया पडत नाही, एवढ्यावरून त्याला माजोरडा ठरवू नका.

पेन्शन, कॅन्टीन, 'फौजींना सगळं फुकट' वगैरे जे आपण लिहिलंय, त्याचा या विषयाशी संबंध नाही.

माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिहा. त्या मेजरसारख्यांबद्दल 'माज' हा शब्द मात्र मागे घ्या.