पार्ट चाळीसचा, मजुरी दीडशे

"पार्ट चाळीस रुपयांचा आणि मजुरी दीडशे?" मालवणच्या बाजारात दुरुस्तीच्या टपरीवर हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. हेच गिऱ्हाईक पुढच्या दुकानातून अडीच हजारांचा पंखा निमूट उचलतं. जुना जातो भंगारात, किलोच्या भावाने.

काठीने ढकलल्यावर पंखा फिरायला लागत असेल तर बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते. गेलेला असतो तो कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला सुरुवातीचा जोर देणारा छोटा पार्ट, पुष्कळशा सीलिंग फॅनमध्ये 2.5 मायक्रोफॅरडचा. मिक्सरचं तर विचारूच नका. वाटप घट्ट झालं की मोटरवर लोड येतो, बुडाखालचं ओव्हरलोडचं बटण उडतं आणि घरात सुतक! आमचा कारागीर फोनवरच सांगतो, "वयनी, मिक्सर बिघडूक नाय, खालचा बटाण तेवढा दाबा." याचे तो काही घेत नाही. मग मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश खरोखरच झिजलेले निघाले, त्या दिवशी दीडशे मागितले तर बिघडलं कुठे?

त्यात आपल्याकडे खारा वारा. स्क्रू गंजून बसतात, तांब्याच्या तारांवर हिरवा थर चढतो. डोकं न झिजवता तो स्क्रू काढायचा म्हणजे तेल सोडा, थांबा, हलकेच ठोका, परत थांबा. मजुरी त्या वेळेची असते.

22 जुलै 2021च्या पुरानंतर चिपळुणात रस्त्याकडेला फ्रीज, वॉशिंग मशीनचे ढीग लागले होते. त्यातलं सगळंच काही मेलेलं नसणार. बुडालेली मोटर वीज न लावता जाणत्याने उघडून धुतली, खडखडीत वाळवली, तर पुष्कळदा वाचते. घाईने बटण दाबलं की आतलं तारेचं वाइंडिंग जळलंच.

सगळंच वाचवा असं नाही म्हणत मी. फुगलेला कुकर, तडकलेली गॅसची नळी सरळ टाकून द्या. आणि कंपनीने चिकटवूनच बंद केलेल्या वस्तूपुढे कारागीर तरी काय करणार? केंद्र सरकारने डिसेंबर 2022मध्ये कंपन्यांच्या दुरुस्तीची, सुट्या पार्टची माहिती एका जागी देणारं राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, चांगलंच केलं. पण मालवणजवळच्या देवबागातला मिक्सर घेऊन कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरला कोण जाणार? सुटा पार्ट टपरीवाल्याच्या हातात पडायला हवा, तोही वाजवी किमतीत.

आमच्या कारागिराचा मुलगा गोव्याला हॉटेलात लागलाय. हात बापासारखाच चांगला आहे. टपरीवर का बसत नाहीस विचारलं, तर म्हणाला, "दीडशा रुपयांसाठी रोज कोण भांडत बसतलो?"