पंधरा लिटरांचा गीझर आणि अकरा माणसे

मे महिन्यात आमच्या नागपूरच्या घरी कोणीही येत नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला की पुण्या-मुंबईच्या नातलगांचे प्रेम फोनपुरते उरते आणि "कूलर चालू आहे ना रे?" एवढ्या चौकशीवर भागते. डिसेंबर उजाडला, मुलांना नाताळच्या सुट्या लागल्या की मात्र याच मंडळींना आपली मुळे विदर्भात असल्याचे आठवते. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथील पारा साडेतीन अंशांपर्यंत उतरला होता, ही बातमी आमच्या पुण्याच्या दादाने अजून जपून ठेवली आहे. थंडी खावी तर नागपूरचीच, असे तो म्हणतो आणि ती खाण्यासाठी स्वेटर न आणता येतो.

१९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे वर्षातून निदान एक अधिवेशन येथे भरावे असे ठरले. आमच्या नातलगांशी असा कोणताही करार झालेला नाही, तरी ते त्याहून नियमितपणे भरतात. सरकार आले की मंत्र्यांची सोय रवी भवनात आणि आमदारांची आमदार निवासात होते; आमच्याकडे आत्याला आतली खोली, धाकट्या बहिणीला आणि जावईबुवांना आमची खोली, दादाच्या चौघांना दिवाणखाना, आणि मी, बायको व मुलगा जिथे पाय पसरता येतील तिथे, अशी वाटणी असते. पूर्वी रेल्वेचे आरक्षण मिळणार नाही, ही एक अंधूक आशा तरी असे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि तीही मावळली. यंदा या दहा जणांत माझ्या कॉलेजातल्या एका मित्राची भर पडली. तो एकटाच राहतो, म्हणून मीच त्याला बोलावले होते. ही चूक माझी.

पांघरुणांचे कसेबसे निभावते, कारण आईने शिवलेल्या गोधड्या माणसांपेक्षा दोनच कमी आहेत आणि लहान मुले एका गोधडीत दोन मावतात. खरा प्रश्न स्नानगृहाचा. घरात ते एकच आहे आणि त्यातला गीझर पंधरा लिटरांचा व दोन किलोवॅटचा आहे. गच्चीवरच्या टाकीतले पाणी पहाटे पंधरा अंशांचे धरले, तर ते साठ अंशांपर्यंत तापायला सुमारे चोवीस मिनिटे लागतात. त्यात थंड पाणी मिसळले की अंगाला सोसेल असे सत्तावीस लिटर होते, म्हणजे साधारण दीड बादली. हे गणित मी पहिल्या रात्री जेवताना सर्वांसमोर मांडले. एकामागून एक अकरा जणांनी स्नान करायचे, तर सकाळी सहाला बटण दाबल्यावर अकराव्या माणसाचे पाणी दहा वाजून चोवीस मिनिटांनी तापेल, असे मी स्पष्ट केले. सर्वांनी माना डोलावल्या, बहिणीने "दादा अजून तसाच आहे हं" असे म्हणून माझ्या ताटात आणखी एक सांबारवडी वाढली, आणि उद्या सकाळी सातला रामटेकला निघायचे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. अकरावा क्रमांक यजमानाचा, हे कोणी बोलून दाखवले नाही.

आत्या साडेचारलाच उठली. तिला पूजेआधी स्नान लागते आणि ओवळ्या हाताचा स्पर्श झालेली बादली चालत नाही, म्हणून तिने आधी बादली धुतली, आणि तीही गरम पाण्याने. दुसरा मान जावईबुवांचा. ते आत गेले की गाऊ लागतात आणि गाणे संपल्याखेरीज बाहेर येत नाहीत. त्यांची निवड नेहमी विलंबित ख्यालाची असते. त्या दिवशी वहिनींनी केस धुवायला काढले. रामटेकला वाऱ्याने केस कोरडे होतात, असे त्यांचे म्हणणे होते. माझा मित्र मात्र रात्री छाती ठोकून म्हणाला होता, "माझी काळजी करू नको, आपण बारा महिने गार पाण्यानेच करतो बावा." सकाळी त्याने नळाखाली हात धरला, काही क्षण विचार केला आणि निमूटपणे वहिनींच्या मागे जाऊन उभा राहिला. दादाचा मुलगा शॉवरखाली उभा राहतो. शॉवरखाली दीड बादली किती वेळ पुरते, हे त्याने आतून मोठ्याने ओरडून सांगितले.

या सगळ्यात ज्यांची स्नाने झाली ते मोकळे झाले असतील, असे समजू नये. थंडीत आंघोळ झालेला माणूस कोवळ्या उन्हात जातो आणि तिथून उठत नाही. आमची गच्ची पूर्वेची आहे. साडेआठपर्यंत तिथे सात जण सतरंजीवर पसरले होते. मधोमध बायकोने पाच किलो तुरीच्या ओल्या शेंगा ओतल्या होत्या, कारण संध्याकाळी सोलेभात करण्याची फर्माईश आली होती. शेंगा सोलण्याचे काम सर्वांनी आनंदाने अंगावर घेतले आणि दाण्यांपैकी निम्मे सोलता सोलताच खाल्ले. उरलेला वेळ संत्री सोलण्यात गेला. कळमन्याच्या बाजारातून मी आणलेली संत्री पुण्याला न्यायची होती, असे दादाने नंतर हळहळत सांगितले. तोपर्यंत साली कुंडीत गेल्या होत्या.

रामटेक नागपूरपासून पन्नासएक किलोमीटरवर आहे. आम्ही अकरा वाजता निघालो, म्हणजे इतर दहा जण आंघोळ करून आणि मी तोंडावर पाणी मारून. आत्याने गाडीत मला मागच्या सीटवर बसवले.

त्या रात्री दादाला सावजी खायचे होते. "तिखट कमी सांगू का?" असे मी विचारल्यावर त्याने माझ्याकडे तुच्छतेने पाहिले. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्याने स्नानगृहाचा दरवाजा इतक्या वेळा अडवला की माझे सर्व वेळापत्रक कोलमडले. दुपारी एक वाजता आत्या, जिचे स्नान केव्हाच झाले होते, मला म्हणाली, "तुझी आंघोळ राह्यलीच का रे? एवढ्या उशिरापर्यंत पारोसं फिरू नये बाप्पा."

असे आठ दिवस गेले. या काळात मला पूर्ण तापलेले पाणी एकदाच मिळाले आणि त्या दिवशीही बहिणीला आठवले की मुलांचे लोकरीचे मोजे त्याच पाण्यात भिजवायचे आहेत. एक जानेवारीला गाड्या निघाल्या. दादाच्या अंगात माझा स्वेटर होता, मित्राच्या डोक्यावर माझी माकडटोपी होती, आणि संत्राबर्फीचे सहा डबे मागच्या काचेत रचलेले होते. बायकोने डोळे पुसले. मीही पुसले, आणि गाडी वळताच घरात येऊन गीझरचे बटण दाबले.

पूर्ण चोवीस मिनिटे मी वर्तमानपत्र वाचले. मग कडी लावली, बादली काठोकाठ भरली, वाफेने आरसा झाकोळला. पहिला तांब्या अंगावर घेतला, दुसरा घेतला, आणि तिसरा उचलताना माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडले, "झालंच, झालंच, निघतोच!"

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, कोणाला सांगून राहिले?"