पाचोळ्याची पोती भरण्याआधी

पानगळ सुरू झाली की बागप्रेमी एकमेकांना विचारू लागतात, हिवाळ्यापूर्वी बाग आवरायची कशी? उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील स्थानिक झाडाझुडपांची बाग काही वर्षे केल्यावर माझे मत असे झाले आहे की बागेची सर्वांत जास्त हानी या आवरण्यानेच होते. ज्या पतंगांसाठी, फुलपाखरांसाठी आणि मधमाश्यांसाठी आपण उन्हाळ्यात हौसेने स्थानिक रोपे लावतो, त्यांची पुढची पिढी ऑक्टोबरमध्ये आपणच पाचोळ्यासकट पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीकडे सोपवतो.

पहिली दोन वर्षे मीही हेच केले. वाफे झाडून लख्ख केले, वाळलेली प्रत्येक काडी जमिनीलगत कापली आणि पुढच्या उन्हाळ्यात काजवे का दिसत नाहीत म्हणून औषध फवारणाऱ्या शेजाऱ्यांना मनातल्या मनात दोष दिला. काजव्यांच्या अळ्या वर्ष-दोन वर्षे ओलसर मातीत आणि पाचोळ्यात गोगलगायी व गांडुळे खाऊन वाढतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. ल्यूना पतंगाचा कोष तर पानातच गुंडाळलेला असतो आणि त्या पानाबरोबर जमिनीवर येतो. वरून पाहिले तर तो कोष आहे की सुकलेले पान, हे ओळखूसुद्धा येत नाही. ओकच्या झाडावर वाढणारे बहुतेक सुरवंट कोषात जाण्यासाठी खाली उतरतात, आणि खाली कापलेली हिरवळ व तुडवून घट्ट झालेली माती असेल तर त्यांना थारा मिळत नाही. चिकाडी या चिमुकल्या पक्ष्याच्या एका जोडीला आपली पिल्ले वाढवण्यासाठी ६,००० ते ९,००० सुरवंट लागतात, असे डेलावेअर विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ डग टॅलामी सांगत आले आहेत. हा हिशेब लक्षात घेतला तर झाडाखालचा पाचोळा उचलून वर पक्ष्यांसाठी दाण्यांचे भांडे टांगणे मला विसंगत वाटते.

याचा अर्थ सगळे जसेच्या तसे पडू द्यावे असा नाही. हिरवळीवर ओल्या पानांचा जाड थर बसला तर खालचे गवत कुजते, आणि पायवाटेवरच्या पानांवरून पाय घसरतो. तेथील पाने दाताळ्याने ओढून झाडांच्या बुंध्याभोवती आणि वाफ्यांत पसरावीत, मात्र यंत्रात घालून त्यांचा भुगा करू नये, कारण पानांबरोबर त्यांतील अंडी आणि कोषही चिरडले जातात. भाजीच्या वाफ्यातील रोगट पाने मात्र अवश्य काढून टाकावीत.

गोल्डनरॉड आणि अ‍ॅस्टर ही पानगळीच्या सुमारास फुलणारी स्थानिक रोपे फुलात असताना त्यांना अजिबात हात लावू नये. बंबलबी या गुबगुबीत, केसाळ मधमाशीच्या वसाहतीत हिवाळा पाहणारी फक्त नवी, मीलन झालेली राणी असते. बाकी सारी वसाहत थंडीपूर्वी मरून जाते. ही राणी काही सेंटीमीटर खोल मातीत एकटी झोपी जाते, आणि त्याआधी पोटभर मकरंद देणारी हीच शेवटची फुले असतात. गोल्डनरॉडमुळे शिंका येतात असे समजून लोक ते उपटतात, हा त्या झाडावर निव्वळ अन्याय आहे. त्याचे परागकण जड आणि चिकट असतात, ते कीटकांच्या अंगावरून जातात. वाऱ्यावर उडून त्रास देतात ते त्याच सुमारास फुलणाऱ्या रॅगवीड या तणाचे.

हात स्वस्थ बसू देत नसतील तर लागवड करावी. हवा गार झाली तरी माती काही आठवडे ऊबदार राहते, त्यामुळे या काळात लावलेल्या झाडाचा वरचा भाग विश्रांती घेत असताना मुळे पसरत असतात. मिल्कवीडसह अनेक स्थानिक वनस्पतींच्या बियांना रुजण्यापूर्वी कित्येक आठवडे ओलसर थंडी लागते. लोक त्यासाठी बिया ओल्या वाळूत घालून फ्रीजमध्ये ठेवतात, पण बी आताच मोकळ्या मातीवर पेरून हलके दाबले तर तेच काम हिवाळा फुकट करतो. कोनफ्लॉवरची सगळी बोंडे मात्र पेरणीसाठी तोडू नयेत, कारण गोल्डफिंच पक्षी त्यांवर बसून बिया टिपतात.

उभ्या वाळक्या काड्यांना वसंत ऋतू स्थिरावेपर्यंत कात्री लावू नये. कापायची वेळ आली की त्या जमिनीपासून २० ते ६० सेंटीमीटर उंचीवर, थोड्या कमीअधिक कापाव्यात. पोकळ किंवा भुसभुशीत गाभ्याच्या या खुंटांत एकट्या राहणाऱ्या लहान मधमाश्या त्या उन्हाळ्यात अंडी घालतात आणि त्यांची पिल्ले पुढचा हिवाळाही आतच काढतात, म्हणून पुढच्या पानगळीत ते खुंट उपटायचे नाहीत. ते ओंगळ दिसतात अशी घरातून तक्रार येते खरी, पण नवी वाढ जूनपर्यंत त्यांना झाकून टाकते.