402 मीटरच्या आकड्याबद्दल आमचं उत्तर
नमस्कार. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की आमच्या रिपोर्टवर तुमच्या बाईकचे 402 मीटरला 14.26 सेकंद होते, अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 14.71 लागले, म्हणजे आम्ही पैसे घेऊन खोटा आकडा दिला. मित्रांसमोर मान खाली गेली, हेही लिहिलंत. वाचून फार वाईट वाटलं.

तो आकडा मोजलेला नव्हता. तुमची ड्यूक 390 आम्ही 201 मीटरच पळवली, 9.20 सेकंद आले, आणि 402 चा अंदाज काढायला त्याला 1.55 ने गुणलं. हा गुणक अमेरिकेतल्या ड्रॅग स्ट्रिपवरच्या (सरळ शर्यतीच्या पट्टीवरच्या) मोटारींवरून रूढ झालाय, आणि तो अंदाजच आहे. रिपोर्टवर तसं ठळक लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, चूक आमची.

त्याहून मोठी चूक म्हणजे मागचं स्प्रोकेट (चेन फिरते ते दातेरी चाक) दोन दात मोठं आम्हीच बसवलं होतं. त्यानं गाडी जोरात सुटते, 201 चा वेळ सुधारतो. पण पुढे गिअर लवकर संपतात, एकदा जास्त गिअर बदलावा लागतो. म्हणजे ज्या बदलानं 9.20 आले, त्यानंच 1.55 चा हिशेब फसवला. साधा भागाकार केला असता तरी कळलं असतं. 14.26 यायला उरलेले 201 मीटर 5.06 सेकंदांत, म्हणजे सरासरी ताशी 143 किलोमीटरने कापावे लागतात. 201 ला तुमचा वेग होता 118. तिथून ही सरासरी गाठायची तर शेवटी 160 च्या वर जायला हवं, आणि हवेचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो. पहिले 201 मीटर 9.20 मध्येच गेले असं धरलं, तर धावपट्टीवर उरलेल्या 201 ला तुमची सरासरी 131 पडली, तीही समोरून वारा असताना. तुमचं रायडिंग कुठेही कमी पडलेलं नाही, हे मित्रांना नक्की सांगा.

एक मुद्दा मात्र मान्य नाही. 'पहाटे एक्सप्रेसवेवर पूर्ण 402 का नाही काढलं?' असं विचारलंत. तिथे दुचाकीला बंदी आहे, आणि नसती तरी चालत्या रस्त्यावर आम्ही कुणाचीही गाडी पळवणार नाही. आमच्या बंदिस्त जागेत 201 नंतर ब्रेक मारून थांबायला जागा उरते, 402 नंतर उरत नाही. म्हणून अर्ध्यावर मोजतो.

रिपोर्टचे पैसे परत करतोय. जुनं स्प्रोकेट आमच्याकडे ठेवलेलं आहे. गाडी आणा, मजुरी न घेता लावू आणि दोन्ही स्प्रोकेटवर वेळ व शेवटचा वेग मोजू. यापुढे रिपोर्टवर 402 साठी एकच आकडा नसेल, 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं असेल, आणि वर 'अंदाज' हा शब्द.