मशीन थकत नाही हे खरं, पण ‘म्हणून’ पुढचं?

दर थोड्या दिवसांनी तोच व्हिडिओ नव्या ग्रुपवर येतो. हृदय बंद पडलेला माणूस आडवा, रक्त फिरतं राहावं म्हणून छाती दाबणारं (सीपीआर देणारं) कमानीसारखं यंत्र आणि मधला दट्ट्या खटाखट खालीवर. खाली मजकूर असतो तो साधारण असा: ‘माणूस दोन मिनिटांत थकतो, मशीन थकत नाही, म्हणून मशीनने दुप्पट लोक वाचतात. परदेशात हे माहीत असूनही अभ्यासाच्या नावाखाली रुग्णांना मशीन नाकारलं, तेही न विचारता. अमेरिकेत तर एका मुलाने संडासाच्या रबरी पंपाने बापाला जिवंत केलं! प्रत्येक १०८ गाडीत मशीन हवं. पुढे पाठवा.’

कॅज्युअल्टीत मी स्वतः छात्या दाबल्या आहेत. त्यामुळे पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही. मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचं म्हणजे काय, ते दुसऱ्या मिनिटाला खांदेच सांगतात. म्हणून तर दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. त्या व्हिडिओतल्या जातीचं सर्वांत परिचित यंत्र म्हणजे ल्युकास. नावातला ‘लु’ स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचा. ते मिनिटाला १०२ वेळा दाबतं आणि बॅटरी संपेपर्यंत दाबत राहतं.

घोटाळा ‘म्हणून’ या शब्दात आहे.

ब्रिटनमध्ये २०१० ते २०१३ या काळात रुग्णवाहिकांचीच चिठ्ठी टाकली. काही गाड्यांना ल्युकास दिलं, बाकीच्या गाड्यांमध्ये हातांनीच दाबायचं ठरलं. एकूण ४,४७१ रुग्ण. तीस दिवसांनी जिवंत होते मशीनच्या गटात १,६५२ पैकी १०४ आणि हातांच्या गटात २,८१९ पैकी १९३. म्हणजे सुमारे सहा आणि सात टक्के. स्वीडन, नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या २,५८९ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात चार तासांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण २३.६ आणि २३.७ टक्के. हा अभ्यास तर यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्याच पैशांवर झाला होता. ‘दुप्पट’ कुठून आलं, ते फॉरवर्ड करणाऱ्यालाच ठाऊक.

ब्रिटनच्या अभ्यासावर एक आक्षेप रास्त आहे: मशीनच्या गटातल्या दहापैकी चार जणांना प्रत्यक्षात मशीन लावलंच गेलं नाही. मग फायदा दिसणार कसा? पण हे गृहीत धरून पुन्हा हिशेब केला, तरी मशीनचं पारडं जड झालं नाही.

असं का व्हावं? मला विचाराल तर उत्तर पिशवीच्या चेनपासून सुरू होतं. यंत्र बाहेर काढा, रुग्णाला उचलून पाठीखाली फळी सरकवा, कमान अडकवा, दट्ट्या नेमका जागेवर आणा. सरावलेली टीम हे काही सेकंदांत करते, नवखी टीम करत नाही. तेवढा वेळ छाती कोणीच दाबत नाही आणि मेंदूकडे जाणारं रक्त थांबतं. ज्यांचं हृदय बंद पडताना नुसतं थरथरत असतं, त्यांना शॉक लवकरात लवकर हवा असतो. ब्रिटनच्या अभ्यासात नेमक्या याच रुग्णांमध्ये मशीनच्या बाजूला कमी लोक वाचले. मशीन बसवण्याच्या गडबडीत शॉक लांबणं हे त्याचं एक संभाव्य कारण मानलं जातं.

आता ‘नाकारलं’ या आरोपाकडे. काहींना चांगलं द्यायचं आणि बाकीच्यांना वाईट, हा दुष्टपणाच झाला असता. पण चांगलं कुठलं हे आधी माहीत असतं, तरच. अमेरिका आणि कॅनडात छातीभोवती पट्टा आवळणाऱ्या ऑटोपल्स यंत्राचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. तो मध्येच थांबवावा लागला. हातांनी दाबलेल्यांपैकी ९.९ टक्के लोक घरी गेले, यंत्राच्या गटातले ५.८ टक्के. तिथे ‘नाकारलेले’ रुग्णच नशीबवान ठरले, आणि हे कळलं ते चिठ्ठी टाकली म्हणूनच. पुढे त्याच यंत्राचा ४,२३१ रुग्णांवर अधिक काळजीपूर्वक अभ्यास झाला, तेव्हा ते हातांच्या बरोबरीने उतरलं. बरोबरीने, वरचढ नाही.

‘न विचारता’ हे मात्र अर्धं खरं आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाला विचारणार कसं? त्याच्या बायकोला, त्या तीन मिनिटांत, कागदावर सही मागणार? यासाठी अमेरिकेत १९९६ पासून स्वतंत्र नियम आहे: आधी त्या भागातल्या लोकांशी बोलायचं, अभ्यास जाहीर करायचा, मगच सुरुवात. इंग्लंडमध्ये नीतिसमितीची मंजुरी लागते आणि वाचलेल्या रुग्णाला नंतर सगळं सांगून विचारलं जातं. तिथे पुढे हृदय बंद पडल्यावर देतात त्या ॲड्रिनलिन या औषधाचा अभ्यास झाला, तेव्हा ज्यांना भाग घ्यायचा नव्हता त्यांना मनगटात घालायला कडं मिळत होतं. व्यवस्था परिपूर्ण नाही, पण चोरून केलेलीही नाही.

१०८ बद्दल. मशीन निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. घाटात वळणं घेणाऱ्या गाडीत उभं राहून छाती दाबणारा डॉक्टर स्वतःचा जीव धोक्यात घालतो. अरुंद जिन्यावरून स्ट्रेचर उतरवताना, कॅथलॅबमध्ये (हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासतात ती खोली) एक्स-रेखाली, किंवा एक्मोला (हृदय-फुप्फुसांचं काम बाहेरून करणारं यंत्र) जोडेपर्यंत तासभर दाबत राहायचं असेल तेव्हा यंत्र हवंच. मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात: सरसकट नको, हातांनी नीट किंवा सुरक्षितपणे दाबणं अशक्य असेल तिथे वापरा. पण गाडी पोचेपर्यंतची मिनिटं घरच्यांची, शेजाऱ्यांची, वॉचमनची असतात. त्यांचे हात ‘मशीन येईल’ म्हणून थांबले, तर मशीन येईल तेव्हा दाबायला फारसं काही उरलेलं नसतं.

राहिला रबरी पंप. ही गोष्ट थाप वाटते, पण खरी आहे. १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी ती एका वैद्यकीय नियतकालिकात पत्राने कळवली. मुलाने खरंच तुंबलेला संडास मोकळा करायचा पंप वडिलांच्या छातीवर चालवला आणि वडील वाचले. वर डॉक्टरांना सल्लाही दिला, की हृदयविभागात प्रत्येक खाटेशेजारी असा एक पंप ठेवा! डॉक्टर हसले असतील, पण त्यांनी विचारही केला: पंप छाती दाबतो तसा वर ओढतोही, मग हृदयात जास्त रक्त भरत असेल का? त्यातून हातात धरायचं, छातीला चिकटणारं उपकरण बनलं. आणि मग खरी परीक्षा सुरू झाली. १९९६ मध्ये कॅनडात त्याचा फायदा दिसला नाही. १९९९ मध्ये फ्रान्समध्ये दिसला: वर्षभराने पाच टक्के जिवंत, साध्या पद्धतीने दोन. अमेरिकेत त्याला श्वास देण्याच्या नळीवरच्या एका छोट्या व्हॉल्व्हची जोड दिली, तेव्हा मेंदू शाबूत ठेवून घरी जाणारे ५.८ वरून ८.९ टक्क्यांवर गेले, असं २०११ मध्ये छापून आलं.

एखाद्याने इथेच फॉरवर्ड केलं असतं. पण त्याच वर्षी त्या व्हॉल्व्हच्या एकट्याच्या, ८,७१८ रुग्णांवरच्या परीक्षेचा निकालही छापून आला. निम्म्यांना खरा व्हॉल्व्ह लावला, निम्म्यांना बाहेरून हुबेहूब तसाच दिसणारा खोटा. कोणता कुठला, हे लावणाऱ्यालाही माहीत नव्हतं. चांगल्या अवस्थेत घरी गेले ते खोट्या व्हॉल्व्हचे ६.० टक्के, खऱ्याचे ५.८.