अँटीबॉडी म्हणजे सगळी लढाई नव्हे

शरीर विषाणूंशी कसं लढतं यावरचा तुमचा लेख सोपा आणि छान आहे, पण त्यातल्या "विषाणू शिरला की अँटीबॉडी तयार होतात आणि त्याला संपवतात" या एका वाक्यात फार काही निसटलंय. अँटीबॉडी पकडते ती मुख्यतः पेशीबाहेरच्या विषाणूला. तो एकदा पेशीत घुसला, की तिचा हात सहसा तिथवर पोचत नाही. मग आत घुसखोर आहे हे बाहेर कळतं कसं?

मला तर यातली सगळ्यात भन्नाट गोष्ट हीच वाटते. आपल्या जवळपास सगळ्या पेशी (लाल रक्तपेशी सोडून) आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे, साधारण 8 ते 10 अमिनो आम्लांचे, एमएचसी नावाच्या रेणूवर ठेवून पृष्ठभागावर सतत मांडत असतात. त्यात विषाणूचा तुकडा दिसला की मारक टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) ती अख्खी पेशीच संपवतात. टी-पेशीला तुकडा आणि आपल्याच शरीराचा एमएचसी दोन्ही एकत्र ओळखावे लागतात, हे डोहर्टी आणि झिंकरनागेल या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात उंदरांवर प्रयोग करून दाखवलं. 1996 चं नोबेल त्यासाठीच मिळालं.

विषाणूही कमी नाहीत. हर्पीस गटातले (कांजिण्या, नागीण वगैरे आणणारे) काही ही मांडणीच बंद पाडतात. पण मग दुकान बंद का, म्हणून एनके (नॅचरल किलर) या दुसऱ्या मारक पेशींना संशय येतो आणि त्या पेशीचा निकाल लावतात!

आणि हो, ताप-अंगदुखी हा बराचसा विषाणूविरुद्ध आपल्याच पेशी सोडतात त्या इंटरफेरॉनसारख्या रसायनांचा प्रताप असतो.

टी-पेशींवर एक स्वतंत्र लेख येऊ द्या.