गरम पाणी लाल येण्याबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की आमच्या दुकानातल्या मुलाने १,१५० रुपये घेऊन गिझरचा रॉड (पाणी तापवणारा नव्हे, टाकीला गंजापासून वाचवणारा) बदलला, आठ दिवसांत गरम पाणी पुन्हा लाल यायला लागलं आणि तक्रार केल्यावर तो म्हणाला, "टाकी गेली, नवा गिझर घ्या." सासूबाईंच्या अंघोळीचं पाणी तुम्हाला चार दिवस गॅसवर तापवावं लागलं. यातलं काहीच मी नाकारत नाही. चूक आमची झाली, मनापासून माफी मागतो.

रविवारी मी स्वतः येऊन गेलो. तेव्हा काय सापडलं ते इथेही लिहितो, कारण तुमची तक्रार वाचणाऱ्या कुणाच्या घरी हेच चालू असेल.

घरात कुणी गरम नळ उघडायच्या आत आलो होतो. आधी स्वयंपाकघरातलं गार पाणी पांढऱ्या बादलीत धरलं. नितळ होतं, म्हणजे गच्चीवरची टाकी आणि टँकर यांचा दोष नाही. मग बाथरूमचा गरम नळ सोडला आणि एकेक मग भरून ओळीने ठेवला. पहिला कोऱ्या चहासारखा, तळाशी गंजाच्या खपल्या. दुसरा फिकट. चौथा साफ, आणि पुढे अर्धी बादली भरली तरी साफच. गिझरची टाकी आतून गंजली असती तर पाणी लाल येतच राहिलं असतं. खात्रीसाठी वीज बंद करून गिझरच्या आउटलेटचा पाइप सोडला आणि तिथलं पाणी धरलं. तेही स्वच्छ.

म्हणजे दोष भिंतीत होता. तुमचं बाथरूम नवं करताना सगळी लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिक पाइपची टाकली, पण गरम लाइनच्या तोंडाशी कुणीतरी जीआयचा निपल, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा आखूड आट्यांचा तुकडा बसवला. तो काढला तेव्हा तुम्ही पाहिलंतच, अर्ध्या इंची निपलमधून पेन्सिलसुद्धा जाईना. रात्रभर पाणी त्यात उभं राहायचं आणि सकाळच्या पहिल्या पाण्याबरोबर गंज बादलीत. आमच्या मुलाने रॉड बदलताना गिझरची टाकी धुतली तेव्हा पाणी जोरात सोडलं, सुट्या खपल्या वाहून गेल्या, म्हणून आठ दिवस बरं वाटलं. आता पितळी निपल घातला आहे.

हे मग भरून बघायचं काम पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. पाच मिनिटंही लागत नाहीत. ते न करता नवा गिझर घ्यायला सांगणं चूकच. मुलाला मी हे सांगितलं आहे, आणि त्याला शिकवायची जबाबदारी माझीच होती.

एका वाक्याशी मात्र मी सहमत नाही. "रॉड बदलणं म्हणजे पैसे उकळायचा धंदा," असं तुम्ही लिहिलंय. ताई, तुमच्या गिझरची टाकी लोखंडी पत्र्याची आहे, आतून काचेचा लेप. त्या लेपाला कुठे बारीक भेग पडली की पाणी पत्र्याला लागतं. मॅग्नेशियमचा रॉड असतो तोवर पाणी आधी त्याला खातं, पत्रा वाचतो. तुमचा जुना रॉड मी दुकानात पाहिला. मधली तार तेवढी उरली आहे, तिला दोन ठिकाणी पांढरा चुरा चिकटलेला. टँकरच्या जड पाण्यात रॉड लवकर झिजतो. टाकीला एकदा भोक पडलं की वेल्डिंग करून उपयोग नाही, आचेने उरलेला लेपही तडकतो. म्हणून रॉड बदलायलाच हवा होता. फक्त लाल पाण्याचं कारण तो नव्हता, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. वर जुना रॉड न दाखवता पिशवीत घालून नेला. तुम्हाला फसवल्यासारखं वाटणं साहजिक आहे.

मजुरीचे ४५० रुपये आज परत पाठवले आहेत. निपलचे पैसे घेणार नाही. रॉडचे ७०० तेवढे ठेवले, कारण तो रॉड तुमच्या टाकीत काम करतोय. पुढच्या वर्षी याच सुमारास तो उघडून तुमच्यासमोर दाखवू, त्याची मजुरी लागणार नाही. तोवर थर्मोस्टॅट ६० अंशांवरच असू द्या, त्याहून जास्त तापवलं की क्षार भराभर बसतात.

जुना रॉड आणि तो निपल दुकानात ठेवले आहेत. शनिवारी सकाळी पाणी पुन्हा तपासायला येईन तेव्हा दोन्ही घेऊन येतो.